मागें बसलेला माणूस

रॉक संगीत हा शब्द उच्चारतांच आमच्या सुशिक्षित घरांतून कपाळावर जी एक आठी उमटते ती माझ्या चांगल्या परिचयाची आहे. ती मीं माझ्या वडिलांच्या कपाळावर पाहिली. आज महाविद्यालयांतील माझ्या सहकाऱ्यांच्या कपाळावर पाहतों. आणि पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें अशा गोष्टींत रस घ्यावा ह्याबद्दलचें एक मूक आश्चर्यहि तिच्या जोडीला असतें. ह्या संगीताविरुद्ध मुख्य तक्रार अशी कीं, तो केवळ गोंगाट आहे. आणि गोंगाटाच्या आरोपींत पहिलें नांव ड्रम वाजविणाऱ्याचें. गाणारा निदान कांहीं शब्द तरी उच्चारतो, गिटारवाला निदान सूर तरी काढतो. हा मात्र सर्वांच्या मागें बसून नुसता बडवीत असतो, असा समज. त्या मागें बसलेल्या माणसाची वकिली आज मीं पत्करली आहे. वकिली म्हटली म्हणजे पक्षपात आलाच. तो लपविण्याची माझी इच्छा नाहीं.

प्रथम त्याचा संसार कसा असतो तें सांगितलें पाहिजे. उजव्या पायाखालीं एक पेडल. तें दाबलें कीं समोर उभ्या ठेवलेल्या मोठ्या ढोलावर, म्हणजे बास ड्रमवर, ठोका बसतो. दोन्ही गुडघ्यांच्या मध्यें स्नेअर, म्हणजे खालच्या अंगाला तारा लावलेला, चाबकासारखा कडाडणारा उथळ ड्रम. डाव्या पायानें उघडमीट होणारी दोन झांजांची जोडी. तिला हाय-हॅट म्हणतात. भोंवतीं आणखी दोनतीन ड्रम आणि उंच दांड्यांवर बसविलेल्या मोठ्या झांजा. दोन हात आणि दोन पाय अशीं चार नोकरमाणसें चार कामांना लावून त्यांत भांडण होऊं न देणें हा त्याचा प्रपंच. ताल पाहिला तर बहुधा चार मात्रांचा, आमच्याकडील तबल्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यांत यावा इतका सोपा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पाय, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर. ह्या दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरील आघाताला बॅकबीट म्हणतात, आणि रॉकचा बहुतेक सगळा पसारा ह्या एवढ्याशा खुंटीवर टांगलेला आहे. हा ताल हजारों माणसें वाजवितात. मग त्यांतला एखादाच थोर कां ठरावा?

१९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मी वसतिगृहांत राहत असतांना हा प्रश्न रात्रीं दोनदोन वाजेपर्यंत खलला जाई. माझ्या खोलींतला सोबती शिलाँगचा होता. त्याच्या ट्रंकेंत कपड्यांपेक्षां कॅसेटीच अधिक. त्याच्या मतें प्रश्न अगदींच सोपा होता: जो सर्वांत जलद वाजवितो तो थोर, आणि ज्याच्याभोंवतीं सर्वांत जास्त ड्रम असतील तो त्याहून थोर. तरुणपणीं मोजतां येणाऱ्या गोष्टींवर माणसाची श्रद्धा असते. माझ्या कानांत मात्र आजोबांचें एक वाक्य बसलेलें होतें. त्यांनीं बालगंधर्वांचीं नाटकें पाहिलीं होतीं, आणि त्या काळांत गंधर्व नाटक मंडळींत तबल्याच्या साथीला अहमदजान थिरकवाँ बसत. आजोबा म्हणत, “खांसाहेबांचा तबला स्वतंत्र ऐकला म्हणजे थक्क व्हावें, पण नाटकांत तबल्याकडे लक्षच जात नसे, गाणें मात्र एरवींपेक्षां गोड लागे.” हें वाक्य घेऊन मी त्या विलायती कॅसेटी ऐकूं लागलों. शिलाँगच्या माझ्या मित्राला तें कधींच पटलें नाहीं.

बीटल्स ह्या चौकडींतील रिंगो स्टार ह्याचीच गोष्ट घ्या. ऑगस्ट १९६२ मध्यें तो त्या चमूंत आला आणि महिना लोटतो न लोटतो तोंच, ११ सप्टेंबर रोजीं, ‘लव्ह मी डू’च्या ध्वनिमुद्रणाच्या वेळीं अँडी व्हाईट नांवाचा एक धंदेवाईक ड्रमवाला आणून बसविण्यांत आला आणि रिंगोच्या हातीं खंजिरी देण्यांत आली. नव्या नोकरींतला हा अपमान कोणाच्याहि जिव्हारीं लागला असता. पुढें सारें जग त्या चौघांच्या पायाशीं आलें तरी रिंगोला चांगला वाजविणारा म्हणावयास पुष्कळांची जीभ वळत नसे, कारण त्याच्या वाजविण्यांत पाहाण्यासारखें कांहीं नव्हतें. ऐकण्यासारखें मात्र फार होतें. तो मूळचा डावखुरा, पण उजव्या हाताच्या माणसासाठीं मांडलेल्या ड्रमवर वाजवी. त्यामुळें एका ड्रमवरून दुसऱ्यावर जातांना त्याचे हात इतरांसारखे सरळ रस्त्यानें जात नसत. किंचित् अडखळल्यासारखे, अनपेक्षित वळण घेऊन जात. दुसऱ्या कोणीं ही आपली अडचण मानली असती; रिंगोची ती वाणी झाली. १९६६ सालचें ‘रेन’ ऐकावें. किंवा १९६७ मधील ‘अ डे इन द लाइफ’ ऐकावें. ह्या दुसऱ्या गाण्यांत शब्दांच्या ओळी संपतात तेथें तो ड्रमवर जी भर घालतो ती मला एखाद्या समजूतदार माणसाच्या हुंकारासारखी वाटते. बोलणाऱ्याला मध्यें न तोडतां ‘ऐकतों आहें, पुढें बोल’ असें ती सांगते. एकट्यानें वाजवून दाखविण्याचा त्याला मनस्वी कंटाळा. बीटल्सच्या सगळ्या कारकीर्दींत त्यानें ड्रमचें स्वतंत्र वादन असें केलें तें एकदांच, १९६९ मधील ‘दि एंड’ ह्या गाण्यांत, आणि तें अर्ध्या मिनिटाच्या आंतच आटोपतें.

ह्याच्या अगदीं उलट टोंकाला जिंजर बेकर. क्रीम ह्या त्रिकुटाबरोबर ‘टोड’ ह्या रचनेंत त्यानें रंगमंचावर केलेलें वादन १९६८ सालच्या तबकडीवर सुमारें सोळा मिनिटें चालतें. जॅझमध्यें मुरलेला, पुढें आफ्रिकेंतील तालांच्या ओढीनें लागोसला जाऊन राहिलेला हा मनुष्य मोठा विद्वान खरा. परंतु त्या सोळा मिनिटांत मला परीक्षेची उत्तरपत्रिका तपासल्याचा थकवा येतो. तोच बेकर ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’मध्यें नेहमींचा दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा आघात सोडून पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर वजन टाकतो आणि सारें गाणें एकदम अनोळखी, रानटी करून सोडतो. एवढ्या एका निवडीसाठीं मी त्याची ती सोळा मिनिटें आनंदानें माफ करीन.

आतां जॉन बॉनम. ह्याच्याविषयीं संक्षेपानें लिहिणें मला शक्य नाहीं. इंग्लंडांतील हॅम्पशायर परगण्यांत हेडली ग्रेंज नांवाची एक जुनी इमारत आहे. ती १७९५ सालीं गरिबांचें कामघर म्हणून बांधली गेली. लेड झेपलिन ह्या चमूनें आपल्या १९७१ सालच्या तबकडीचें बरेंचसें काम तेथें केलें. एके दिवशीं बॉनमचे ड्रम खालच्या दिवाणखान्यांत, उंच जिन्याच्या तळाशीं मांडले गेले, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या अँडी जॉन्स ह्यानें नेहमींप्रमाणें प्रत्येक ड्रमला चिकटून मायक्रोफोन न लावतां दोनच मायक्रोफोन वरच्या मजल्याच्या कठड्यावरून टांगले. तेथें मुद्रित झालें तें गाणें ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. मिसिसिपी नदीला १९२७ मध्यें महापूर येऊन बांध फुटले, त्या आठवणीवर मेंफिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय ह्या जोडप्यानें १९२९ सालीं गाइलेलें हें मूळ कृष्णवर्णीयांचें गाणें. त्याच्या आरंभीं दुसरें कांहींच नाहीं, फक्त बॉनमचे ड्रम. ठोका पडतो, आणि त्या ठोक्याबरोबर तो जिना, त्या भिंती, ती जुनी उंच पोकळी, सारीं घुमतात. लय संथ; हात मुळींच घाईंत नाहींत. पूर येण्यापूर्वीं पाणी चढतें तसा तो ताल चढत जातो. आपण ऐकतों आहों तो ड्रम नसून एक घर आहे असें मला प्रत्येक वेळीं वाटतें.

बॉनमच्या अंगांत बळ अपार होतें, आणि लोक त्याच्या बळाचेंच कौतुक करतात. मला त्याचा उजवा पाय अधिक अद्भुत वाटतो. १९६९ च्या पहिल्या तबकडीवरील पहिल्याच गाण्यांत, ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’मध्यें, बास ड्रमवर तिहेरी बोलांचे असे जलद झुपके येतात कीं ऐकणारांना हा दोन पेडलें वापरतो अशी खात्रीच वाटे. पेडल एकच होतें. आणि इतकी ताकद असूनहि बॅकबीटचा ठोका तो असा टाकी कीं, पडायला हवा त्याहून केंसभर उशिरां पडला असें वाटावें. त्या केंसभर उशिरानेंच ऐकणाराचें अंग पुढें झुकतें. आमच्या तबलजींनीं समेच्या अलीकडेपलीकडे जी गंमत करावी तीच ही, फक्त साधनें निराळीं.

२५ सप्टेंबर १९८० रोजीं मद्याच्या अतिरेकानें तो मरण पावला. वय बत्तीस. ४ डिसेंबर रोजीं त्याच्या सोबत्यांनीं जाहीर केलें कीं आतां आपला चमू पूर्वींसारखा चालूं शकत नाहीं, आणि ते थांबले. मागें बसणारा माणूस गेला आणि पुढच्या तिघांनीं दुकान बंद केलें. अशीं उदाहरणें फार नाहींत.

बत्तिसाव्या वर्षींच गेलेला दुसरा म्हणजे द हू ह्या चमूचा कीथ मून, ७ सप्टेंबर १९७८. मद्य सुटावें म्हणून दिलेल्या गोळ्याच अधिक घेतल्यामुळें तो गेला. ह्या अकालमृत्यूंना प्रतिभेचें तेज चढविण्याची जी एक रीत आहे ती मला हिडीस वाटते. दोघांच्याहि हातून अजून तीस वर्षें वाजवणें व्हायचें होतें, तें झालें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. मून म्हणजे गोंगाटाच्या आरोपाला कबुलीजबाब देणारा आरोपी. सारखा सगळ्या ड्रमांवर धांवणारा, ठेका धरून ठेवण्यापेक्षां गाण्याच्या अंगावर लाटेप्रमाणें कोसळणारा. पण गंमत पाहा: १९७१ मधील ‘बाबा ओ’रायली’ आणि ‘वोंट गेट फूल्ड अगेन’ ह्या गाण्यांखालीं ऑर्गनच्या स्वरांची एक यंत्रवत् माळ आधींच मुद्रित करून ठेवलेली होती. (‘बाबा’ म्हणजे आपले मेहेरबाबा. ज्यांची समाधि अहिल्यानगरजवळ मेहेराबाद येथें आहे, त्यांचा पीट टाउनशेंड हा भक्त. गाण्याच्या नांवाचा दुसरा अर्धा भाग टेरी रायली ह्या अमेरिकन संगीतकाराचा.) ती माळ तसूभरहि थांबावयाची नाहीं कीं मागें सरावयाची नाहीं. रंगमंचावर मून कानांना श्रवणयंत्रें बांधून ती ऐके आणि तिच्याबरोबर वाजवी. सर्वांत बेबंद माणूस सर्वांत बेपर्वा घड्याळाशीं बांधलेला! आणि तो त्या घड्याळाचा गुलाम झालेला वाटत नाहीं; खांबाला धरून गरगर फिरणाऱ्या पोरासारखा वाटतो.

व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची मो टकर हिचें नांव अशा यादींत सहसा येत नाहीं. ती उभी राहून वाजवी. बास ड्रम आडवा पाडून त्यावर मऊ डोक्याच्या दांड्यांनीं ठोके देई, आणि झांजांना फारसा हातच लावीत नसे. जवळजवळ कांहींच न करण्याचें इतकें धैर्य मीं दुसऱ्या कोणांत पाहिलें नाहीं.

रश ह्या कॅनडाच्या त्रिकुटाचा नील पीअर्ट हा आमच्या वसतिगृहांतील देव होता. ड्रमांचा प्रचंड मनोरा, आंतले सगळे हिशेब चोख, शिवाय चमूचीं बहुतेक गीतें त्याचींच. त्याच्या वाजविण्याबद्दल मला आदर आहे. प्रेम आहे असें म्हणवत नाहीं. परंतु त्याच्या चरित्रांतील एका गोष्टीपुढें माझ्यासारख्या शिक्षकानें मान लवविली पाहिजे. चाळिशी ओलांडल्यावर, जगांतील अर्धे तरुण आपली नक्कल करीत असतां, हा गृहस्थ फ्रेडी ग्रूबर नांवाच्या जुन्या जॅझ शिक्षकाकडे विद्यार्थी म्हणून गेला आणि काठी हातांत धरण्यापासून सगळें पुन्हां शिकला. आमच्या धंद्यांत चाळिशीनंतर माणूस जुन्या टिपणांची वही बदलावयास तयार नसतो. पीअर्ट ७ जानेवारी २०२० रोजीं वारला.

ह्या सगळ्या विषयाला माझ्या घरांत निराळें वजन आहे, कारण माझी मुलगी ड्रम वाजविते. तेविसाव्या वर्षीं तिचा चार जणांचा एक चमू आहे. टोटोचा जेफ पोर्कारो ह्यानें १९८२ सालच्या ‘रोझॅना’मध्यें वाजविलेला झुलता ठेका, ज्यांत मोठ्या दोन ठोक्यांच्या मध्यें स्नेअरवर जेमतेम ऐकूं येणारे पुसट ठोके पेरलेले असतात, तो साधण्यासाठीं तिनें सहा महिने घरांतील सर्वांची झोंप घालविली. हे पुसट ठोके ऐकूं येत नाहींत. ते काढून टाकले म्हणजे मात्र कांहींतरी मेलें हें कळतें.

दोन वर्षांपूर्वीं त्या मुलांनीं एका ध्वनिमुद्रणगृहांत दोन गाणीं मुद्रित केलीं. आठवड्यानें तयार झालेलीं गाणीं तिनें घरीं आणलीं आणि ऐकलीं. ऐकून झाल्यावर ती मला म्हणाली, “बाबा, ह्यांत मी कुठं आहे?” तेथील तंत्रज्ञानें तिचा प्रत्येक ठोका संगणकावर उचलून काटेकोर आंखलेल्या रेघेवर नेऊन बसविला होता, आणि स्नेअरच्या तिच्या आवाजाच्या जागीं भांडारांतला एक तयार आवाज घातला होता. पुसट ठोके गळून गेले होते. त्यानें कांहीं पाप केलें नव्हतें. आज बहुतेक ठिकाणीं हें असेंच चालतें. रॉजर लिन ह्यानें १९८० सालीं खऱ्या ड्रमांचे आवाज सांठवून वाजविणारें यंत्र बाजारांत आणलें तेव्हांपासून यंत्रानें माणसासारखें वाजवावें अशी खटपट चालू होती. आतां माणसानें यंत्रासारखें वाजवावें अशी अपेक्षा आहे. पण त्या वयांत ‘ह्यांत मी कुठं आहे’ हा प्रश्न एखाद्या गाण्यापुरता राहत नाहीं. तिनें चमू सोडावयाचें मनांत आणलें.

मी तिला उपदेश केला नाहीं. आम्हीं कच्चें मुद्रण मागवून घेतलें आणि दोन्ही एकामागून एक ऐकलीं. कच्च्या मुद्रणांत एके ठिकाणीं, ध्रुवपदाच्या अगोदर, ती किंचित् रेंगाळते. मीं कारण विचारलें. ती म्हणाली, “तिथं तो श्वास घेतो ना.” गाणारा मुलगा तेथें श्वास घेतो, म्हणून तिचे हात थांबतात, तिनें तें ठरविलेलें नव्हतें. सुधारलेल्या मुद्रणांत त्याचा श्वास कापला गेल्यासारखा वाटतो. मग आम्हीं रोलिंग स्टोन्सचें १९६९ मधील ‘हाँकी टाँक विमेन’ लावलें. तें गाणें सुरू होतें त्याहून संपतांना स्पष्टपणें जलद झालेलें आहे. संगणकाच्या तराजूंत घातलें तर तो दोष ठरेल. त्या रात्रीं आम्हीं तें चार वेळां ऐकलें. माझी पत्नी शेवटीं दार लावून घेऊन झोंपली. मुलीच्या चमूंत ह्या प्रश्नावर अजून दोन तट आहेत, दोन्ही गाणीं तशींच पडून आहेत, आणि ती अद्याप चमूंत आहे.

त्या गाण्यांत ड्रम वाजविणारा चार्ली वॉट्स मला सर्वांत प्रिय आहे, हें वाचकांनीं एव्हांना ओळखलें असेल. जाहिरातींच्या कचेरींत चित्रें काढणारा, जॅझचा वेडा, नीटनेटका पोषाख करणारा हा मनुष्य जानेवारी १९६३ मध्यें स्टोन्समध्यें आला आणि अठ्ठावन्न वर्षें तेथेंच बसला. ड्रम मोजके, जुने, ग्रेच कंपनीचे. त्याची एक खोड प्रसिद्ध आहे. इतर वाजविणारे उजव्या हातानें हाय-हॅटवर अखंड ठोके देत राहतात. वॉट्स स्नेअरवर आघात करतांना उजवा हात वर उचलून घेई. त्या क्षणीं दुसरा कोणताहि आवाज नाहीं. स्नेअर एकटी बोलते. एक ठोका गाळून त्यानें दुसऱ्याला जागा करून दिली. ‘यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट’ ह्या गाण्याचा ठेका त्याच्या हातीं मनासारखा बसेना, तेव्हां निर्माता जिमी मिलर ड्रमवर बसला आणि तबकडीवर तोच ऐकूं येतो. एवढ्या मोठ्या चमूच्या ड्रमवाल्यानें आपली खुर्ची गाण्यासाठीं दुसऱ्याला दिली ह्याचा गाजावाजा झाला नाहीं; त्यानेंहि केला नाहीं.

परगांवच्या दौऱ्यांचा त्याला तिटकारा. १९६७ पासून प्रत्येक दौऱ्यांत ज्या ज्या हॉटेलांत तो झोंपला तेथील पलंगाचें चित्र तो वहींत काढून ठेवी. बाहेर सारें जग आरडाओरड करीत असतां हा आंत बसून रिकामा पलंग रेखाटतो आहे, हें चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हालत नाहीं.

२४ ऑगस्ट २०२१ रोजीं वॉट्स वारला. ठरलेला दौरा रद्द झाला नाहीं. त्याच्या जागीं स्टीव्ह जॉर्डन बसला, आणि तो उत्तम वाजवितो. २६ सप्टेंबर रोजीं अमेरिकेंतील सेंट लुइस येथें पहिला प्रयोग झाला. आरंभीं रंगमंचावर कोणीच आलें नाहीं. मागच्या पडद्यावर वॉट्सचीं छायाचित्रें एकामागून एक उमटूं लागलीं, आणि मोकळ्या रंगमंचावर नुसता ड्रमचा ठेका ऐकूं येत राहिला.